हेडफोन घेताय? ‘बास’ नंतर बघा, आधी कान बघा. प्रवासात कोणता, घरी कोणता, वाचा सविस्तर

बार्शी : पहाटेची पुण्याला जाणारी एसटी. गाडीत निम्मी पोरं पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची, बाकीचे दवाखान्याला नाहीतर लेकीकडं निघालेले. स्टँड सुटला की एकेकाच्या कानात इअरफोन जातात. कुणी सरांचं लेक्चर लावतं, कुणी कीर्तन, कुणी गाणी. टेंभुर्णीला गाडी हायवेला लागते, इंजिनाचा आणि खिडक्यांचा आवाज वाढतो आणि प्रत्येकाचं बोट आपोआप आवाजाच्या बटणावर जातं. भिगवण येईपर्यंत आवाज फुल्ल. पुण्यात उतरताना कानात बारीक शिट्टी वाजत असते. तासाभरात ती जाते आणि माणूस विसरून जातो.

ही शिट्टी विसरण्यासारखी नाही. कानानं दिलेली ती पहिली सूचना आहे.

आता गावोगावी प्रत्येक घरात दोन-तीन मोबाईल आहेत आणि प्रत्येक मोबाईलला काहीतरी कानात घालायचं आहे. आठवडा बाजारात दीडशे रुपयांपासून, ऑनलाइन हजार-दोन हजारांपासून, तर शहरातल्या मोठ्या दुकानात पंचवीस-तीस हजारांपर्यंत हेडफोन मिळतात. घेताना मात्र बहुतेक जण तीनच गोष्टी विचारतात : बास किती आहे, चार्जिंग किती टिकतं आणि रंग कोणता. खरा प्रश्न राहूनच जातो. तो प्रश्न असा, की हा हेडफोन घातल्यावर मोबाईलचा आवाज निम्म्यावर ठेवून शब्द न् शब्द कळतो का? कळत असेल तर तो चांगला, मग तो पाचशेचा असो नाहीतर पाच हजारांचा.

आवाज वाढवावा का लागतो?

मळणी चालू असताना शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, तसंच हे आहे. बाहेरचा गोंगाट कानात शिरला की आतलं बोलणं त्याखाली दबतं. मग आपण आतला आवाज वाढवतो. गोंगाट काही कमी होत नाही, कानावर मात्र दोन्हींचा मार बसतो.

कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या भागात, साधारण १५ हजार बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाजाची लाट आली की त्या हलतात आणि मेंदूला निरोप देतात. मोठ्या आवाजानं त्या वाकतात. विश्रांती मिळाली तर सावरतात, पण रोज तोच मार बसला तर मरतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. उसाला खोडवा येतो, कानाला येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी मर्यादा सांगितली आहे : ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास. लहान मुलांसाठी ७५ डेसिबल. आवाज दर ३ डेसिबलनं वाढला की ऐकायचा वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्यात फक्त ४ तास आणि १०० डेसिबलला आठवड्यात जेमतेम २० मिनिटं. अनेक मोबाईल आणि इअरफोनची जोडी फुल्ल आवाजात १०० डेसिबलच्या घरात जाऊ शकते. म्हणजे फुल्ल आवाजात पुण्याला एकदा गेलं तरी आठवड्याचा कोटा टेंभुर्णीच्या आधीच संपतो.

त्यामुळं हेडफोनची निवड हा नुसता हौसेचा विषय राहत नाही. बाहेरचा गोंगाट जो अडवतो, तो कान वाचवतो.

चार प्रकार, चार स्वभाव

बाजारात नावं शंभर असली तरी प्रकार मुख्यतः चार.

पहिला, वायरचा इअरफोन. साधारण तीनशे ते हजार रुपयांत चांगला मिळतो. चार्जिंगची भानगड नाही, लाईट नसली तरी चालतो. पैशाच्या मानानं आवाज सगळ्यात स्वच्छ इथंच मिळतो. आणखी एक फायदा अनेकांना माहीत नसतो. ज्या मोबाईलमध्ये एफएम रेडिओ आहे, त्यात इअरफोनची वायरच एरियलचं काम करते. वायर लावल्याशिवाय बहुतेक फोनमध्ये रेडिओ लागत नाही. नेट नसलेल्या शिवारात रेडिओ ऐकणाऱ्यांना हाच उपयोगी. तोटा एवढाच, की वायर अडकते आणि पिनेजवळ तुटते.

दुसरा, नेकबँड. गळ्यात पट्टा आणि त्याला दोन बोंडं. साधारण सातशे ते दोन हजार. बॅटरी पट्ट्यात असल्यानं मोठी असते आणि जास्त टिकते. कानातून निसटला तर गळ्यातच राहतो, हरवत नाही. एसटीनं, वडापनं फिरणाऱ्यांसाठी हा सोयीचा.

तिसरा, इअरबड. सुटे दोन बड आणि त्यांची डबी. हजारापासून पुढं. दिसायला छान, पण खिडकीशी बसलेल्या माणसाचा एक बड बाहेर पडला की उरलेल्या एकाचं काय करायचं हा प्रश्न असतो. एकच बड कंपनीकडून मिळाला तरी महाग पडतो आणि अनेकदा मिळतच नाही. बडची बॅटरी अगदी छोटी असते. दोन-तीन वर्षांनी ती दमली की बदलून मिळणं अवघड.

चौथा, डोक्यावरचा मोठा हेडफोन. कानाला पूर्ण झाकणारी गादी असलेला. दीड हजारापासून पुढं. घरी बसून दोन-दोन तास लेक्चर ऐकणाऱ्याला हा सगळ्यात आरामाचा, कारण कानाच्या नळीत काही जात नाही. उन्हाळ्यात मात्र कानाला घाम येतो आणि प्रवासात पिशवीत जागा खातो. यातही एक बारकावा आहे. काहींची गादी कानाच्या भोवती बसते, काहींची कानाच्या पाळीवरच दाब देते. चष्मा वापरणाऱ्यानं पाळीवर दाबणारा टाळावा, अर्ध्या तासात कान दुखतो.

डबीतली ती जादा रबरं फेकू नका

कानाच्या नळीत बसणाऱ्या प्रत्येक चांगल्या इअरफोनबरोबर छोट्या पुडीत रबराच्या आणखी दोन जोड्या येतात, एक लहान आणि एक मोठी. कंपनीनं मधल्या मापाची जोडी बसवून दिलेली असते. बहुतेक घरांत ती पुडी डबीतच राहते नाहीतर कचऱ्यात जाते.

खरं तर अर्धा आवाज त्या रबरावर ठरतो. रबर सैल असेल तर दोन गोष्टी होतात : बास बाहेर सांडतो आणि गोंगाट आत येतो. माणूस म्हणतो, ‘हेडफोनला दम नाही’ आणि आवाज वाढवतो. प्रत्यक्षात हेडफोन ठीक असतो, माप चुकलेलं असतं. चप्पल एक नंबर मोठी घेतली तर दोष चपलेचा नसतो.

तपासायची सोपी पद्धत आहे. इअरफोन कानात घाला, काही लावू नका. कानाशेजारी दोन बोटं चोळा. चोळल्याचा आवाज जवळजवळ बंद झाला तर माप बरोबर. मग एखादं ढोलकीचं गाणं लावा आणि इअरफोन हलकासा आत दाबा. दाबल्यावर ढोलकीची थाप एकदम भरली तर रबर लहान पडतंय, मोठं लावा. आत घातल्यावर ठणकत असेल तर लहान लावा. दोन्ही कानांचं माप वेगळंही असू शकतं. उजव्याला मधलं आणि डाव्याला मोठं लावायला काहीच हरकत नाही.

रबर नसलेले, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे इअरफोनही मिळतात. ते गोंगाट अडवत नाहीत. घरात, जिथं बाहेरचं ऐकू यायला हवं, तिथं ते बरे. एसटीत मात्र त्यांचा आवाज वाढवावाच लागतो.

एएनसी आणि ईएनसी : एका अक्षराचा फरक, कामात जमीन-अस्मान

सध्या सगळ्यात जास्त फसगत इथं होते. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘नॉइज कॅन्सलेशन’ लिहिलेलं असतं आणि घेणाऱ्याला वाटतं, गाडीचा आवाज बंद होणार. घरी येऊन घालतो तर काहीच फरक नाही.

एएनसी म्हणजे ऐकणाऱ्यासाठी. यात हेडफोनचा माईक बाहेरचा गोंगाट ऐकतो आणि त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करून कानात सोडतो. शेततळ्यात एका बाजूनं लाट वर येत असताना दुसऱ्या बाजूनं तेवढीच खाली जाणारी लाट आली तर पाणी सपाट होतं, तसंच. 

ईएनसी म्हणजे समोरच्यासाठी. तुम्ही फोनवर बोलत असताना तुमच्या मागचा वारा, हॉर्न, गर्दी पलीकडच्या माणसाला कमी ऐकू जावी म्हणून ती सोय असते. तुमच्या कानातला गोंगाट त्यानं तसूभरही कमी होत नाही. स्वस्त नेकबँड आणि बडवर बहुतेक वेळा हेच लिहिलेलं असतं. शेतातून, बाजार समितीतून सतत फोनवर बोलणाऱ्याला ईएनसी उपयोगी आहे. पण एसटीत शांतता हवी म्हणून घेत असाल तर डब्यावर एएनसी असं स्पष्ट लिहिलंय का, ते वाचा.

एएनसी हेडफोन लोकांपर्यंत पोहोचवण्यात एका भारतीय वंशाच्या माणसाचा मोठा वाटा आहे. अमर बोस हे अमेरिकेतले प्राध्यापक, त्यांचे वडील बंगालमधून तिकडं गेलेले. १९७८ मध्ये युरोपातून अमेरिकेला परतताना विमानातला हेडफोन त्यांनी कानाला लावला, पण इंजिनाच्या घरघरीत धड ऐकूच येईना. प्रवासातच त्यांनी कागदावर आकडेमोड सुरू केली. पुढं १९८९ मध्ये त्यांच्या बोस कंपनीनं वैमानिकांसाठी गोंगाट कापणारा हेडसेट बाजारात आणला. म्हणजे ही युक्ती इंजिनाच्या घरघरीसाठीच जन्मली आणि आजही ती तिथंच सगळ्यात चांगली चालते.

एसटीचं इंजिन, रेल्वेचा खडखडाट, पंखा, कूलर अशा एकसारख्या जाड आवाजाला एएनसी कापते. अचानक वाजलेला हॉर्न, रडणारं पोर, मागच्या सीटवरच्या गप्पा ती फारशा अडवू शकत नाही. ते काम नीट बसलेलं रबर किंवा गादीच करते. म्हणून एएनसी असूनही रबर सैल असेल तर पैसे वाया. डब्यावर ‘३० डेसिबलपर्यंत’ लिहिलेलं असतं, त्यातल्या ‘पर्यंत’ या शब्दाकडं लक्ष द्या. तो सगळ्यात अनुकूल आवाजासाठीचा आकडा असतो, सगळ्या आवाजांसाठीचा नाही.

दोन हजारांच्या आतला बजेट असेल तर एएनसीच्या मागं लागण्यापेक्षा चांगलं रबर बसणारा साधा इअरफोन घेतलेला बरा. रोज शहरात अप-डाऊन करणाऱ्यानं किंवा महिन्यातून चार-पाच वेळा लांबचा प्रवास करणाऱ्यानं थोडे पैसे जास्त घालून एएनसीचा घ्यावा.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे?

‘४० तास प्लेबॅक’ : बडच्या बाबतीत हा आकडा डबीच्या बॅटरीसकट असतो. बड एकदा भरल्यावर साधारण पाच-सात तास चालतात, मग डबीत ठेवावे लागतात. एएनसी चालू ठेवली की त्याहून कमी. आवाज मध्यम ठेवून मोजलेला हा आकडा असतो, हेही ध्यानात घ्या.

‘१३ एमएम ड्रायव्हर’ : आत बसवलेल्या छोट्या स्पीकरचं हे माप. मोठं माप म्हणजे चांगला आवाज असं नाही. १० एमएमचा नीट जुळवलेला स्पीकर १३ एमएमच्या भसाड्यापेक्षा चांगला वाजतो.

‘२० हर्ट्झ ते २० हजार हर्ट्झ’ : माणसाचा कान साधारण एवढंच ऐकतो. जवळजवळ प्रत्येक डब्यावर हे छापलेलं असतं, त्यावरून काहीच ठरत नाही.

‘ब्लूटूथ ५.३’ : नवीन आकड्यानं जोडणी आणि बॅटरीला थोडी मदत होते. आवाजाचा दर्जा नुसत्या या आकड्यावर ठरत नाही. जुना ५.० असला म्हणून चांगला हेडफोन सोडू नका.

‘आयपीएक्स ४’ : हा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडालेले शिंतोडे आणि घाम चालतो. ५ म्हणजे पाण्याची धार चालते. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. आकड्याच्या आधी ‘एक्स’ असेल तर धुळीची तपासणी सांगितलेली नाही, असा अर्थ. आपल्याकडं पाण्यापेक्षा धूळ जास्त. त्यामुळं ‘आयपी ५५’ असे दोन आकडे असलेला मिळाला तर शेतकऱ्याला जास्त उपयोगी. हे आकडे बऱ्याचदा फक्त बडचे असतात, डबीचे नसतात.

‘लो लेटन्सी’ किंवा ‘गेमिंग मोड’ : ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो. व्हिडिओत ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतो. व्हिडिओ दाखवणारी बरीच अॅप हा फरक स्वतःच भरून काढतात. गेम खेळताना मात्र तो जाणवतो. वायरच्या इअरफोनला हा त्रास नाही.

वायरचा घेणाऱ्यांनी आधी आपल्या मोबाईलला गोल भोक आहे की फक्त टाईप-सी, ते बघावं. टाईप-सीसाठी जोड-पिन मिळते, पण प्रत्येक पिन प्रत्येक मोबाईलला चालत नाही. दुकानातच आपल्या मोबाईलला लावून बघावी. गोल पिनेवर तीन रेघा असतील तर इअरफोनला माईक आहे. दोनच असतील तर फक्त ऐकता येईल, बोलता येणार नाही.

प्रवासाला कोणता, घराला कोणता?

एसटी आणि रेल्वेच्या प्रवासाला रबर नीट बसणारा वायरचा इअरफोन किंवा नेकबँड पुरेसा आहे. २०२३ मध्ये एसटी महामंडळानं गाडीत मोठ्यानं मोबाईल वाजवायला मनाई केली. त्यामुळं शेजाऱ्याच्या डोक्याला ताप न देता ऐकायचं तर इअरफोन लागतोच. पण दोन्ही कान बंद करून झोपी जाऊ नका. स्टॉप चुकतो, कंडक्टरची हाक ऐकू येत नाही आणि सामानाकडंही लक्ष राहत नाही. उतरायच्या आधी अर्धा तास एक कान मोकळा ठेवलेला बरा.

घरात अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी डोक्यावरचा हेडफोन बरा. लेक्चर म्हणजे माणसाचं बोलणं, त्याला बास लागत नाही. उलट जास्त बास असलेल्या हेडफोनमध्ये बोलणं घुमतं आणि ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं दबतात. मग नीट कळावं म्हणून पुन्हा आवाज वाढतो. म्हणून अभ्यासासाठी घेताना गाणं लावून बघू नका, सरांचं लेक्चर लावून बघा. लहान मुलांसाठी ८५ डेसिबलपर्यंतच वाजणारे खास हेडफोन मिळतात. तेही तासन् तास देऊ नयेत.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विषय वेगळा आहे. आजोबांना कीर्तन ऐकायचं असतं, नातवाची परीक्षा असते, आणि टीव्हीचा आवाज सगळ्या गल्लीला जातो. अशा वेळी हेडफोन दिला की घरातलं भांडण मिटतं, हे खरं. पण आजोबा फुल्ल आवाज करूनही ‘नीट येईना’ म्हणत असतील तर दोष हेडफोनचा नसतो. हेडफोन म्हणजे श्रवणयंत्र नाही. आवाज वाढवून उरलंसुरलं ऐकणंही जातं. अशा माणसाला आधी उपजिल्हा रुग्णालयात किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावं. कधी कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढला की आजोबांना स्वच्छ ऐकू येतं.

एका कानानं ऐकू येत नसलेल्यांसाठी मोबाईलमध्ये एक सोय आहे. सेटिंगमध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’ उघडून ‘मोनो ऑडिओ’ चालू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात पूर्ण येतो. त्याला एक पैसा लागत नाही.

दुकानात पाच मिनिटं द्या

हेडफोन डबीतून काढू देत नसतील तर दुसरं दुकान बघावं. काढू दिला तर एवढं करा :

१. आपलाच मोबाईल लावा. पाठ असलेलं गाणं आणि एखाद्याचं भाषण, दोन्ही ऐका. आवाज निम्म्यावर ठेवा.

२. दुकानाच्या दारात, रस्त्याच्या आवाजात उभं राहून तेच पुन्हा ऐका. आता आवाज किती वाढवावासा वाटतो, ते बघा. जेवढा कमी वाढवावा लागेल, तेवढा हेडफोन चांगला.

३. घरी फोन लावा आणि पलीकडच्या माणसाला विचारा, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय का.

४. वायर असेल तर पिनेजवळ हलकी हलवून बघा. खरखर आली तर परत ठेवा.

५. दहा मिनिटं घालून बसा. कान दुखला तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका, कारण तो घरी पडूनच राहणार.

नकली माल आणि बिलाचा कागद

आठवडा बाजारात, स्टँडवर नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं केलेला माल सर्रास मिळतो. दीडशे रुपयांचा वायरचा इअरफोन गेला तर दीडशे गेले. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये मात्र लिथियमची बॅटरी असते आणि ती कानाला चिकटून असते. तिथं नकली मालाचा धोका नुसता पैशाचा राहत नाही.

ब्लूटूथ हेडफोन आणि इअरफोनसाठी भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची, नोंदणी सक्तीची आहे. डब्यावर बीआयएसचं चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढं आठ आकडी नंबर असतो. मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ हे मोफत अॅप घेऊन त्यात तो नंबर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे, ते दिसतं. डब्यावरचं नाव आणि अॅपमधलं नाव यांचा मेळ बसत नसेल तर डबा ठेवून द्या.

बिल पक्कं घ्या, त्यावर मॉडेल आणि तारीख लिहून घ्या. वॉरंटी सहा महिन्यांची आहे की वर्षाची, आणि सर्व्हिस सेंटर कुठं आहे, हे घ्यायच्या आधी विचारा. तालुक्याला सेंटर नसतं. सोलापूरला दोन फेऱ्या माराव्या लागल्या तर हजाराच्या हेडफोनला तेवढाच खर्च येतो. घरून कुरिअरनं नेणारी कंपनी असेल तर बरं. ऑनलाइन मागवलेला डबा उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. कानात घालायची वस्तू म्हणून परत घेत नाहीत, फक्त बदलून देतात, अशी अट अनेकदा असते. ती मागवण्याआधी वाचा. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. तिथं तक्रार करायला पैसे लागत नाहीत.

इथं कानात काहीच नको

मोटारसायकलवर, रस्ता ओलांडताना, रेल्वे फाटकाजवळ कानात काही नको. मागून येणारी गाडी डोळ्यांना दिसत नाही, ती आधी कानाला कळते.

रात्री मोटर चालू करायला जाताना, गवतातून, उसातून चालताना नको. सळसळ, रानडुकराची चाहूल, कुत्र्याचं भुंकणं, सगळं कानावरच असतं.

कडबाकुट्टी, मळणी यंत्र, पिठाची गिरणी यांच्याजवळ वायर किंवा गळ्यातला पट्टा घालून उभं राहू नये. फिरत्या पट्ट्यात वायर अडकली तर ती माणसाला आत ओढते.

ट्रॅक्टरवर गाणी ऐकायची सवय अनेकांना आहे. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरचा आवाज चालकाच्या कानापाशी ९० डेसिबलच्या पुढंही जातो. त्यावर गाणं ऐकायचं म्हणजे त्याहून मोठं लावावं लागतं. दिवसभर नांगरट करणाऱ्यानं गाण्याऐवजी कानात फोमचे बोळे घालावेत. मेडिकलमध्ये किंवा हार्डवेअरच्या दुकानात ते थोडक्या पैशात मिळतात.

निगा राखली तर दुप्पट टिकतो

‘एका बाजूचा आवाज कमी झाला’ म्हणून फेकलेल्या इअरफोनपैकी बरेच बिघडलेले नसतात. जाळीत कानातला मळ बसलेला असतो. रबर काढून कोरड्या मऊ ब्रशनं जाळी खाली धरून झटकावी. टाचणी घालू नये, जाळी फाटते. रबर साबणाच्या पाण्यानं धुवून पूर्ण वाळवून बसवावं. ओल्या कानात इअरफोन घालू नये आणि एकमेकांचे वापरू नयेत. एकाच्या कानाचं इन्फेक्शन दुसऱ्याला जातं.

बॅटरीचे हेडफोन उन्हात, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, गाडीच्या काचेखाली ठेवू नका. उन्हानं बॅटरी लवकर दमते. रात्रभर चार्जिंगला लावायचीही गरज नाही. वायर मोबाईलभोवती ताणून गुंडाळू नका, सैल वेटोळं करून ठेवा.

आजपासून एवढं करा

नवीन हेडफोन घ्यायचा असो वा नसो, हातात आहे त्यावरच सुरुवात करता येते. डबीतलं योग्य मापाचं रबर शोधून बसवा. मोबाईलचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका आणि तासाभरानं कानाला दहा मिनिटं मोकळं सोडा. काही मोबाईलमध्ये साउंडच्या सेटिंगमध्ये आवाजाला कायमची मर्यादा घालता येते, मुलांच्या मोबाईलला ती घालून ठेवा. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, कान भरल्यासारखा वाटत असेल किंवा माणसं पुटपुटतात असं वाटायला लागलं असेल, तर दोन-चार दिवस हेडफोन बंद ठेवा. तरी फरक पडला नाही तर डॉक्टरला दाखवा.

पुढच्या वेळी एसटीत बसल्यावर आवाज वाढवायच्या आधी एकदा कानातलं रबर दाबून बघा. बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावरच भागेल आणि नवीन हेडफोनचे पैसेही वाचतील.